शेवटचा पाव फेरा

...किल्लीच म्हणायची तिला, पण धड किल्लीही नव्हे — दोन इंचांची बारीक पोलादी दांडी, एका टोकाला चौकोनी तोंड, दुसऱ्या टोकाला पिळायला छोटी आडवी कडी, आणि कडीतून ओवलेली पांढरी नाडी कॉटच्या डोक्याकडच्या गजाला बांधलेली. पद्माकर देवस्थळी मान न हलवता, उजव्या डोळ्यानं तिच्याकडे बघत पडला होता. डावा डोळा अडीच आठवड्यांपासून मिटलेलाच. पापणी उघडायची तर बोटानं उचलावी लागे. एका डोळ्याला वस्तू किती लांब आहे ते नीट कळत नाही, पण किल्लीच्या तोंडाची एक कड बोथट आहे एवढं बरोबर कळत होतं. कानस हातानं मारलेली, आणि तीही घाईत. आपल्या टूलरूममध्ये असली वस्तू आली असती तर मी लाल खूण करून परत पाठवली असती, त्याला वाटलं, आणि लगेच — अरे, ही तुझ्या मानेतल्या स्क्रूची किल्ली आहे, हिला परत पाठवून कुठं जाणार आहेस!

मानेत स्क्रू. कारखान्यात सांगितलं तर लोक हसतील. डॉक्टरांनी मानेच्या डाव्या बाजूच्या मोठ्या धमनीभोवती एक चिमटा बसवला होता, त्याच्या स्क्रूचं टोक जखमेतून जरासं बाहेर, वर जाळीच्या कापडाची घडी. सकाळी आठ आणि दुपारी चार, रोज पाव-पाव फेरा. आज सकाळचा सातवा. चार वाजता आठवा, शेवटचा, आणि डाव्या बाजूनं डोक्यात जाणारी ती वाट कायमची बंद. मग मेंदूच्या डाव्या अर्ध्याला जे मिळायचं ते उजवीकडून नि मागून मिळणार. मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर उजवा हात, उजवा पाय, बोलणं... म्हणून तर ती किल्ली उशाशी. हात लुळा पडतोय असं दिसलं की सिस्टरनं डॉक्टरांची वाट न बघता स्क्रू उलटा फिरवायचा. या स्क्रूला इंचात आटे किती, असं त्यानं पहिल्याच दिवशी डॉक्टर जयतीर्थांना विचारलं होतं. ते ओशाळले, म्हणाले परदेशातून आलेलं आहे, कागदावर असेल, बघून सांगतो. अजून सांगितलेलं नव्हतं. एका फेऱ्यात किती थाउ, म्हणजे इंचाचे किती हजारावे भाग, सरकतं हे माहीत नसताना माणूस फेरा मारतो कसा?

पण डॉक्टर माणूस चोख होता, हे कबूल करायला हवं. तीन आठवड्यांपूर्वी कारखान्यात यंत्राच्या स्पिंडलला डायल लावून काटा बघत असताना डोक्यात मागच्या बाजूला एकदम घण बसला, तो तिथंच ओकला, मान लाकडासारखी ताठ झाली — आणि कारखान्याच्या दवाखान्यानं पुड्या दिल्या, ऊन लागलंय म्हणून. बंगलोरात ऊन! बायको, हेमलता, त्यावरून अजून तापते. तिसऱ्या दिवशी पापणी खाली आली तेव्हा तिनं कुणालाही न विचारता शेजाऱ्यांच्या गाडीत घालून त्याला इथं आणलं. इथं जयतीर्थांनी पाठीच्या कण्यात सुई घातली आणि मणक्यातलं पाणी तीन नळ्यांत धरलं, एकीनंतर एक. तिन्ही नळ्या खिडकीशी पांढऱ्या कागदासमोर धरून त्याला दाखवल्या. तिन्ही सारख्याच लाल. सुईनंच एखादी शीर दुखावली असती तर पहिली जास्त लाल, तिसरी निवळ झाली असती, ते म्हणाले. तिन्ही सारख्या, म्हणजे रक्त वरून आलंय, डोक्यातून. डोकं फुटायला आलेलं असतानाही पद्माकरला ते मनापासून आवडलं होतं. याला म्हणतात तपासणी!

मग मानेत दुसरी सुई, औषध, डोळ्यामागं उकळतं तेल सोडल्याची आग, कुणीतरी 'ओढ... ओढ...' म्हणत होतं आणि कुणीतरी लाकडी खोक्यातून फोटोच्या काचा एकामागून एक खेचत होतं. फोटोत धमन्यांच्या फांद्यांचं जाळं दिसलं आणि एका बेचक्यात वाटाण्याएवढा फुगा. सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. एकदा फुटून मिटलाय, डॉक्टर म्हणाले, पुन्हा फुटला तर बहुतेक माणसं उठत नाहीत. कवटी उघडून तिथवर जाण्यापेक्षा मानेतूनच दाब कमी करणं बरं. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं, एक बाजू बंद झाली तर दुसरी तिला पुरवते, पण ते कडं पुस्तकातल्यासारखं फार थोड्यांचं असतं — कुणाचा एखादा दुवा दोऱ्याएवढा, कुणाचा मुळीच नाही. तुमचं कसं आहे ते हळूहळू बंद करूनच कळेल. म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे माणूस बनलेलाच नसतो! सतरा वर्षं लोकांनी बनवलेल्या वस्तू ड्रॉइंगशी ताडून बघणाऱ्या पद्माकरला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

अनुसूया सिस्टर साडेनऊला आली. तिचं घराणं कुठल्या काळी महाराष्ट्रातून इकडं आलं ते तिलाही ठाऊक नाही. ती त्याला अण्णा म्हणते आणि तिच्या मराठीत निम्मं कन्नड असतं. हात वर करा अण्णा, बोटं दाबा, स्वल्प जोरानं, हे काय, पेन, हे काय, घड्याळ, सरी, बरोबर. झालं. तक्त्यावर खूण. दोन्ही हातांनी तिची बोटं अशी आवळली की ती हसली आणि म्हणाली, मोडाल. पास.

पास? ती वळली तसे त्यानं उशीखालून कागद काढले. एक वर्तमानपत्राचा कपटा, एक आंतर्देशीय पत्राचा तुकडा — भाऊ रत्नाकरनं सांगलीहून पाठवलेल्या पत्राची कड, लिहिलेलं सोडून फाडलेली. डोळा मिटायचा, कागद मिसळायचे, उजव्या हाताचा अंगठा नि तर्जनी यांच्यात धरून सरकवायचे आणि सांगायचं — हा पातळ, हा जाड. दोघांत फरक थाउचा, फार तर दीड थाउचा. टूलरूममध्ये या अंगठ्यावर पैजा लागायच्या. शिकाऊ पोरं पोलादाचे दोन पत्रे आणून देत, देवस्थळीसाहेब कुठला जाड, आणि मायक्रोमीटर लावला की साहेब बरोबर. चार दिवस रोज पहाटेपासून तो ही परीक्षा स्वतःची स्वतः घेत होता, कारण सिस्टरची परीक्षा म्हणजे फूटपट्टीनं केस मोजणं. आज पहाटे पाचला वीसपैकी वीस. सकाळच्या फेऱ्यानंतर, नऊला, वीसपैकी सतरा. आता...

हा जाड. डोळा उघडून बघितलं — वर्तमानपत्र, चूक.

हा पातळ. आंतर्देशीय.

वीसपैकी अकरा. अकरा म्हणजे काय, डोळे मिटून नाणं उडवलं तरी दहा येतातच. भीती वाटली, साधी, नागडी भीती. आणि तिच्या कडेनं, निर्लज्जासारखं, कुतूहलही — कुठं गेला तो दीड थाउ? कागद तसाच आहे, अंगठा तोच, दाब तोच. मग फरक जिथं कळायचा ती जागा कुठली, आणि तिथं आत्ता काय चाललंय? रक्त कमी पडलेलं मेंदूचं एक टीचभर शेत, कडेकडेनं सुकत जाणारं, आणि वर मी ओळखीच्या गोष्टींची नावं सांगतोय, पेन, घड्याळ... पुन्हा केलं. वीसपैकी बारा. पुन्हा. नऊ. पुन्हा.

सांगितलं तर स्क्रू उघडतील. उघडला की फुगा पुन्हा पूर्ण दाबाखाली, आणि मग आज ना उद्या, संडासात, बसमध्ये, जेवताना... नाही सांगितलं तर चार वाजता शेवटचा पाव फेरा, आणि कदाचित हा हात कायमचा जाईल, बोलणंही जाईल, मग हेमलता वाचून दाखवील आणि मी लाळ पुसून घेईन. दोन्हीकडे मरणच. सिस्टरच्या तक्त्यावर मात्र सगळं पास. तिथं कुणालाच कळणार नव्हतं. कळणारा या इमारतीत एकटा मी.

हेमलता अकराला आली. शिवाजीनगरला बस बदलून, डबा, थर्मास, आणि वाटेत घेतलेली मोसंबी. आल्या आल्या तिनं पांघरूण नीट केलं आणि सवयीनं त्याचा हात हातात घेतला, उजवा. मग अंगठा उलटा करून बघितला.

"हे काय करून घेतलंय?"

अंगठ्याचं टोक लालबुंद झालं होतं, वरची कातडी चकचकीत. त्याला ते दिसलंच नव्हतं. एका डोळ्यानं किल्लीच्या तोंडाची बोथट कड दिसते आणि स्वतःचा अंगठा दिसत नाही! खाजवत होतं, असं तो म्हणाला. तिनं उशीखाली हात घातला आणि कपटे बाहेर काढले. सतरा वर्षं ती या माणसाबरोबर राहत होती. पुरणपोळीची कड नापास करणारा माणूस, तिला आणखी काय सांगायचं. तिनं कपटे मोसंब्यांच्या पिशवीत टाकले आणि मोसंबं सोलायला बसली.

घासून घासून... म्हणजे कातडी झिजली म्हणून कळत नाहीसं झालं का? पहाटेपासून किती वेळा? वीस-वीसचे... दहा डाव तरी, बारा... कागद सरकून सरकून अंगठा बधिर होतोच. का नाही होणार! एकदम हलकं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा जड — कशावरून? नऊचा डाव पाचवा होता, तेव्हाच सतरा झाले होते. पाच डावांनी बधिर होतो का अंगठा? एरवी दिवसभर पत्रे तपासतो मी. पण एरवी तेलाचा हात असतो. आणि डावा अंगठा? डाव्याची परीक्षा घेतलीच नाही! अख्ख्या हिंदुस्थानात असा इन्स्पेक्टर नसेल, की संशय आला आणि चांगला तुकडा शेजारी ठेवून बघितलं नाही. आता बघून उपयोग नाही, डाव्याला सवयच नाही, तो तसाही अडाणी.

तिचा हात पुन्हा त्याच्या हातात आला तेव्हा तर्जनीवर तव्याचा चटका बसलेला दिसला, ताजा, फोड आलेला. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला. कळला. कडा कळल्या, फोडाचा मऊपणा कळला. पण आधी दिसला होता ना? दिसला म्हणून जाणवला, की जाणवला म्हणून... हे कसं ठरवायचं? कोण ठरवणार? जे डोकं ठरवणार त्याचंच तर रक्त कमी होतंय. कारखान्यात असं होत नाही. तिथं मायक्रोमीटर बिघडल्याचा संशय आला तर स्टँडर्ड रूममध्ये न्यायचा, तिथं बारा महिने एकच तापमान, लाकडी पेटीत पोलादाचे आरशासारखे ठोकळे, त्यांच्याशी लावून बघायचं. इथं ठोकळा कुठाय? माझ्या डोक्याला लावून बघायला दुसरं डोकं...

गेज झिजतो. ही गोष्ट त्याला सगळ्यांपेक्षा चांगली माहीत असायला हवी होती. एकोणसाठ साली, उमाकांत नावाच्या कामगारानं एका पिनेचा लॉट केला होता, तीनशे नग. पिन गेजच्या ठरल्या मापाच्या तोंडातून सरकली की पास. सगळ्या सरकत होत्या. उमाकांत शेजारी उभा होता, हात पुसत, आणि हळूच म्हणाला, साहेब, गेज सैल वाटतोय, हजारो पिना गेल्यात त्यातून. पद्माकर त्याला म्हणाला होता — अख्ख्या खात्यासमोर म्हणाला होता — गेज सैल नसतो, माणूस सैल असतो. तीनशेच्या तीनशे पास. पुढच्या खात्यात पिना भोकात जाईनात. गेज झिजून तोंड मोठं झालं होतं, जाड पिनाही सुखानं सरकत होत्या. चौकशीत त्यानं सगळं कबूल केलं, गेज वेळेवर तपासायला पाठवला नाही हेही. फक्त उमाकांतनं सांगितलं होतं, एवढं एक वाक्य गाळलं. का गाळलं? त्यानं काही फरक पडला नसता. शिक्षा तीच झाली असती. पण इन्स्पेक्टरच्या आधी दुसऱ्याला कळलं हे... ते वाक्य चार वर्षं घशात आहे, आणि आता त्याच्या दोन इंच डावीकडं स्क्रू.

दोन वाजता त्यानं हेमलताला सगळं सांगितलं. पिनांचं नाही, कागदाचं. वीसपैकी किती ते सगळं. सांगू की नको, असं तिलाच विचारलं — आणि विचारताना लक्षात आलं, की तिनं नको म्हणावं असं आपल्याला वाटतंय. तिनं नको म्हटलं की झालं, चारला शेवटचा फेरा, काय व्हायचं ते होवो, जबाबदारी अर्धी-अर्धी. तिला ते कळलं असावं. तिच्या नाकपुड्या थरथरल्या. रडू आवरताना थरथरतात तशा, की रागानं, त्याला ओळखता आलं नाही.

"सगळ्या जगाला पास-नापास तुम्हीच करत आलात," ती म्हणाली. "स्वतःलाही तुम्हीच करणार? मला विधवा व्हायचं नाही आणि मुका नवराही नकोय. पण दोन्हींतलं एक निवडायला मला सांगू नका. डॉक्टरांना सांगा."

मग ती खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. बाहेर सिल्व्हर ओकच्या पानांची उलटी बाजू वाऱ्यानं पांढरी होत होती. तिची पाठ किती लहान आहे, असं त्याला वाटलं. आणि या बाईला आपण किती छळलं, कडेच्या जाडीवरून, भाजीच्या फोडींवरून... एकदाही तिनं हात टेकले नाहीत.

चार वाजता जयतीर्थ आले. चाळिशीच्या आतले, बारीक, मिशीत हसणारे, पायात न वाजणाऱ्या चपला. अनुसूयानं किल्ली सोडून गरम पाण्यातून काढली. हात वर करा. उजवा, डावा. दाबा. शंभरातून सात-सात वजा करा — त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर — धडाधड. जीभ बाहेर काढा. तुमच्या कारखान्यात काय बनतं ते सांगा. त्यानं सांगितलं, नीट, पूर्ण वाक्यांत, आणि सांगताना स्वतःच्या आवाजाकडं कान लावून राहिला, एखादा शब्द कुठं अडखळतो का. नाही अडखळला. जयतीर्थांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ते खाली वाकले, मानेवरची घडी उचलली गेली, किल्लीचं तोंड स्क्रूवर बसल्याचा बारीक धक्का त्याला हाडातून ऐकू आला...

"थांबा," तो म्हणाला. "माझ्या अंगठ्याला सकाळपासून कागद कळत नाही. घासून घासून झालं असेल, किंवा रक्त कमी पडत असेल. मला... मला सांगता येत नाही डॉक्टर."

हे वाक्य त्यानं सतरा वर्षांत कधी उच्चारलं नव्हतं. जीभ चालली. आकाश वगैरे काही कोसळलं नाही. जयतीर्थांनी किल्ली काढून घेतली, स्टूल ओढलं, आणि पहिल्यापासून सांगा म्हणाले. त्यानं सांगितलं. त्यांनी खिशातून कागद काढून लिहून घेतलं, पाच वाजता वीस, नऊ वाजता सतरा, साडेनऊला अकरा. मग ते कपटे मागितले. हेमलतानं मोसंब्यांच्या पिशवीतून काढून दिले. जयतीर्थांनी डोळे मिटून, दोन बोटांत धरून, बराच वेळ प्रयत्न केला, आणि डोळे उघडून म्हणाले, की त्यांना तर दोन्ही एकच वाटतात. अनुसूयालाही एकच वाटले. हेमलताला फरक कळला, पहिल्या झटक्यात, आणि तिनं ते तुकडे वेगवेगळे करून ठेवले.

"आम्ही विचारतो ते सगळं ढोबळ असतं," जयतीर्थ सावकाश म्हणाले. "हात उठतो का, बोलणं येतं का. हे इतकं बारीक आजपर्यंत कुणी मला सांगितलं नाही. याचा अर्थ काय ते मलाही माहीत नाही, देवस्थळी. खोटं कशाला सांगू."

मग त्यांनी ठरवलं ते साधं होतं. आत्ता फेरा नाही. ते सहाला येतील. तोवर सिस्टर दर दहा मिनिटांनी हात बघेल. जराही उतरला तर लगेच उघडायचं. घासल्यामुळंच असेल तर दोन तासांत अंगठा सुधारेल, आणि मग शेवटचा फेरा आजच. नाही सुधारला तर विचार करावा लागेल, आणि तो विचार काय असेल ते त्यांनी सांगितलं नाही. एक अट — दोन तास अंगठ्याला काहीही लावायचं नाही. कागद नाही, चादर नाही, दुसरं बोटसुद्धा नाही. स्वतःला तपासायचं नाही. "जमेल?" त्यांनी विचारलं, आणि हेमलता इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

ते गेले. हात पांघरुणावर उताणा पडला होता, बोटं थोडी वळलेली. बघायला काहीच नव्हतं त्यात. आत काय चाललंय — दोऱ्याएवढ्या कुठल्यातरी दुव्यातून रक्त उजवीकडून डावीकडं येतंय, रुंदावतंय, की नाहीच येत — ते घडत होतं किंवा घडत नव्हतं, आणि मी ते बघू शकत नव्हतो, आणि मी बघितल्यानं ते बदलणारही नव्हतं. विचित्र होतं हे. डोक्यात एक माणूस सतत उभा असतो, हातात गेज घेऊन, येईल ती गोष्ट त्यातून सरकवून बघणारा. त्याला आज कुणीतरी बस म्हणालं होतं, आणि तो बसायला जागा शोधत होता. तो बसला तर मागं कोण उरतं? भीती होतीच, ती कमी झाली नव्हती, पण तिच्या आसपास एक अनोळखी मोकळी जागा झाली होती, आणि त्या जागेत आपण कसे असतो ते पद्माकरला मुळीच माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावंसं मात्र फार वाटत होतं.

हेमलता स्टुलावर येऊन बसली. किती वाजले, असं विचारायला त्यानं तोंड उघडलं, आणि विचारलं नाही.